नागिमात्सूचा काळा लंगोट

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर कुणाचाच बसलेला नाही. मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाचा बसला नाही, कोठीतल्या उंदरांचा बसला नाही, आणि उंदीर काहीही खरं मानतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण आज ऊन चांगलं पडलंय. तुम्ही सगळे नवे, कडक, कोरे करकरीत, माझ्याच बांबूवर वाळत पडला आहात. पळून जाणं तुम्हाला शक्य नाही. तेव्हा ऐका.

मित्रांनो, मी एक जुना सुती लंगोट आहे. सुमो पैलवानाचा. रंग काळा, म्हणजे एके काळी काळा होता, आता करपलेल्या पातेल्यासारखा झालाय. लांबी विचाराल तर मला पुरता उलगडला की मी या अंगणातून थेट सुमिदा नदीपर्यंत पोचतो. बरं, नदीपर्यंत नाही म्हणा. कोपऱ्यावरच्या तोफूवाल्यापर्यंत मात्र नक्की.

विणणाऱ्यांनी मला शिडाच्या कापडासारखा जाड विणला. मी मागावरून उतरलो तेव्हा एवढा ताठ होतो की माझी घडी घालायला गेलेल्या माणसाचा अंगठा मुरगळला. तिथून मी आलो आपल्या या कुरामिने तालमीत, आणि पहिल्याच दिवशी माझी गाठ पडली ती माकिओशी.

माकिओ ओकी बेटावरचा. बाप म्हाकूळ पकडायचा, आई ती दोरीवर वाळत घालायची, आणि पोराच्या अंगाला त्याच म्हाकुळाचा वास. खांदे रुंद, पाय होडीत उभं राहून राहून फाकलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय, आता कुणीतरी हाकलेल. आम्हाला बांधायचं कसं हे तुम्ही अजून शिकताय, म्हणून सांगतो. एक टोक पैलवानानं हनुवटीखाली धरायचं, दुसरं मागच्यानं ओढायचं, आणि पैलवानानं स्वतःभोवती गिरक्या घेत आपल्यात गुंडाळून घ्यायचं. माकिओनं पहिली गिरकी उलटी घेतली.

"अरे, इकडून! भिंगरी कधी खेळला नाहीस का?" मागचा दादा पैलवान ओरडला.

"दादा, श्वास घेता येत नाहीये."

"यायलाच नको. आला तर ढिला बसलाय असं समजायचं."

असा मी त्याच्या कमरेला बसलो. पुढे आखाड्यात त्याचं नाव नागिमात्सू पडलं, शांत समुद्रावरचा पाइन वृक्ष असा काहीसा त्याचा अर्थ. नाव ठेवताना कुरामिने वस्ताद म्हणाले होते, "आत्ता तर नुसतं रोपटं आहे. बघू, काय होतंय ते."

आम्हाला कधी धुवत नाहीत, हेही तुम्हाला कळेलच. उन्हात टाकतात, वाऱ्यावर टाकतात, पण पाणी लावत नाहीत. धुतलं तर कमावलेलं यश वाहून जातं असं सगळे मानतात, आणि मीही मानतो, कारण मला अंघोळीची आवड नाही. नागिमात्सूचा घाम माझ्यात असा मुरला, त्याला मीठ असं फुटलं, की संध्याकाळी मला सोडून कोपऱ्यात ठेवला की मी आपला आपण उभा राहायचो. एकदा नुकताच दाखल झालेला एक पोरगा अंधारात आला, मला कुणीतरी मोठा पैलवान समजला, आणि कमरेत वाकून म्हणाला, "दमलात का हो, दादा?" मी काही बोललो नाही. मोठे पैलवान असंच गप्प राहतात.

तर नागिमात्सूची गोष्ट. त्याच्या बेटावर देवळाचं काम पुरं झालं की आनंदानं रात्रभर कुस्त्या चालतात. तिथली रीत अशी की एका जोडीच्या दोन कुस्त्या व्हायच्या. पहिली हरेल त्याला दुसरी हक्काची. जो जिंकला त्यानं दुसरी सोडायची, आणि दोघांनी बरोबरीत घरी जायचं. बेट लहान. उद्या एकाच होडीत बसायचं असतं, तिथं वैर धरून कसं चालेल?

ही रीत नागिमात्सूच्या हाडात होती. सरावाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं एका दांडग्या दादाला माझ्या देखत रिंगणाबाहेर ढकलला. सगळे चाट पडले. पुन्हा जोड लागली, आणि हा पठ्ठ्या स्वतःच अलगद गुडघ्यावर बसला, जणू चहाला बसलाय.

वस्ताद बांबूची छडी घेऊन उठले. "हे काय होतं?"

"दुसरी त्यांची होती, वस्ताद."

"कुणाची दुसरी?"

"पहिली मी जिंकलो ना. मग दुसरी त्यांची."

वस्तादांच्या कपाळावरची शीर मला माझ्या जागेवरून दिसत होती, म्हणजे बघा.

"ऐक रे, म्हाकूळवाल्या. इथं पहिली तुझी, दुसरी तुझी, आणि चुलीवरचा चांकोचा रस्सा शिजेपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या सगळ्या तुझ्या! कळलं?"

"कळलं, वस्ताद. पण मग त्यांना वाईट नाही का वाटणार?"

अख्खी तालीम हसली. वस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते. रागानं, असं ते पुढे कायम सांगत.

पण पोरगं शिकलं. त्याचा डावा हात समोरच्याच्या लंगोटावर बाहेरून एकदा बसला की जहाजाचा नांगर बसावा तसा बसायचा. तुम्हाला म्हणून सांगतो, सुमोतली निम्मी कुस्ती आपल्यावरच होते. समोरचा आपल्याला धरतो, आपला माणूस त्याच्या लंगोटाला धरतो, आणि मग बघायचं, कोण कुणाला उचलतो. पायाच्या तळव्यांखेरीज अंगाचा कोणताही भाग मातीला लागला किंवा पाऊल रिंगणाबाहेर पडलं की संपलं. मला आजवर किती जणांनी धरलं, ओढलं, फाडायला पाहिलं! एका दीडशे किलोच्या माणसाला तर मी एकट्यानं लोंबकळत ठेवला होता, नागिमात्सू तोवर नाक शिंकरून घेत होता.

नागिमात्सू चढत गेला. आणि इथंच मित्रांनो, आपल्या जातीचं दुःख सुरू होतं. खालच्या वर्गांतला पैलवान काळं सुती नेसतो. सकाळी सरावालाही तेच, स्पर्धेलाही तेच. पण वरच्या वर्गात गेला की स्पर्धेला रेशीम, सरावाला पांढरं सुती, झोपायला वेगळी खोली, अंघोळीला पहिला नंबर, आणि पाठ घासायला, केस विंचरायला, गादी घालायला हाताखाली पोरं. काळ्याचं काम संपतं. तो जिंकत होता तेव्हा मी आनंदानं फुगत होतो, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही की प्रत्येक विजयानं तो माझ्यापासून एक पायरी लांब चाललाय.

एक दिवस त्याच्यासाठी वांगी रंगाचं रेशीम आलं. काय त्याचा तोरा! दिवा लागला की चमकायचं, दिवा विझला तरी थोडा वेळ चमकायचं. नागिमात्सूनं माझी दोन्ही हातांनी घडी घातली, मला कपाळाला लावलं, आणि वस्तादीणबाईंच्या हवाली केलं.

सुमिए वस्तादीणबाई म्हणजे या तालमीचा खरा खांब. कुणाला ताप आला, कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाला रात्री आईची आठवण आली, सगळं त्यांच्याकडे. त्यांना वाया घालवणं माहीत नाही. त्यांच्या मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाची कडी सुटली होती, फळ्या उघडत होत्या. त्यांनी मला पिंपाभोवती आवळून बांधला.

"छान बसला," त्या म्हणाल्या. "आता हे पिंप कुणाच्या बापाला हलणार नाही."

झालं. मी पैलवानाच्या कमरेवरून लोणच्याच्या कमरेवर आलो. वर्षं गेली. पिंपाशी माझं जमलं नाही, ते फार आंबट बोलायचं. स्वयंपाकघरात टीव्ही होता, त्यामुळे नागिमात्सूचं सगळं माझ्या कानावर यायचं. तो सर्वांत वरच्या वर्गात गेला. मोठमोठ्यांना त्यानं लोळवलं. विजेतेपदाचा करंडक आता त्याचाच, असं निवेदक सांगू लागला. त्याच्या हाताखाली हिबारी नावाचा पोरगा होता, चंडोलासारखा सतत चिवचिवणारा. तो भाताची पातेली घासता घासता पिंपाला सांगायचा, "या खेपेला आमचे दादा नक्की!" मी आवळून धरून बसायचो.

आणि एका दुपारी टीव्हीतले लोक एकदम "आ" करून गप्प झाले.

रिंगणाच्या कडेवर झुंज चालली होती. नागिमात्सू आणि समोरचा, दोघं एकमेकांना धरून उंच चबुतऱ्यावरून खाली कोसळले, आणि समोरच्याचं सगळं वजन नागिमात्सूच्या वाकड्या गुडघ्यावर आलं. सुमिएबाईंच्या हातातला डाव खाली पडला. त्यांनी तो उचलला, पुसला, परत ठेवला, आणि टीव्ही बंद केला. एवढंच मी पाहिलं.

सुमोचा हिशेब निर्दयी असतो. उतरला नाहीस तर हरलास. इस्पितळात पडून राहिलास तरी क्रमांक घसरत जातो. एका स्पर्धेला खाली, पुढच्याला आणखी खाली. नागिमात्सूचं रेशीम गेलं. खोली गेली. हाताखालची पोरं गेली. तो कुबड्यांवरून परत आला तेव्हा ऐन हिवाळा होता, आणि खालच्या वर्गातल्याला ओव्हरकोट घालायची परवानगी नसते. एवढा मोठा माणूस पातळ सुती किमोनो आणि लाकडी खडावा घालून दारात उभा, नाक लाल, गुडघ्याला पट्टा.

तो सरळ स्वयंपाकघरात आला. वस्ताद तिथंच बसून मासा सोलत होते.

"वस्ताद, मी घरी जातो. बाबांना होडीवर माणूस हवाय."

वस्ताद मासा सोलत राहिले.

"गुडघा वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, चालता येईल, त्यात समाधान मानावं. काल जिन्यावर मला एका पोरानं हात दिला, वस्ताद. मीच कधीतरी त्याला कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या. माझ्यानं हे नाही होणार."

"मग तुझ्यानं काय होणार?"

"म्हाकूळ."

सुमिएबाई फुस्सकन हसल्या, आणि मग हसल्याबद्दल त्यांनाच रडू आलं.

वस्तादांनी सुरी खाली ठेवली. "माकिओ," ते म्हणाले. आखाड्यातलं नाव सोडून घरचं नाव त्यांनी एवढ्या वर्षांत कधी घेतलं नव्हतं. "तुमच्या बेटावर पहिली कुस्ती हरतो त्याचं काय करतात?"

नागिमात्सूनं कुबडी भिंतीला टेकवली.

"मी तुला त्यावरून छडी दाखवली होती. आठवतं? अजून मला तुमची ती रीत मूर्खपणाची वाटते. पण विचारतोय. हरतो त्याचं काय करतात?"

"दुसरी देतात."

"मग घे ना. हरलास तू पहिली. चांगली दणकून हरलास, सगळ्या देशानं बघितली. दुसरी न घेता होडीत कसा बसतोस? बाप चढू देईल का?"

त्यानं गुडघ्याचा पट्टा आवळला. मग नागिमात्सू म्हणाला, "बाई, माझा जुना काळा कुठंय?"

"अरे, नवा आणते की. तो तर..." सुमिएबाईंनी पिंपाकडे पाहिलं.

"नवा नको. कमरेला सवय लावायला वेळ नाही माझ्याकडे."

अशा रीतीनं मला पिंपावरून सोडलं. पिंप त्याच क्षणी फुटलं आणि मुळे घरभर झाले, पण त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. नागिमात्सूनं मला नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. "बाई, समोरचा याच्या वासानंच रिंगणाबाहेर जाईल." मला राग आला नाही. मी एवढंच ठरवलं की आता सुटायचं नाही.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी सांगतो ते शब्द न् शब्द खरे आहेत. सरावाला जो जिंकतो तो रिंगणात उभा राहतो, आणि बाकीचे सगळे हात वर करत त्याच्यावर धावून जातात, "मला घे, मला घे!" म्हणत. त्यातल्या एकाला तो निवडतो. मिसरूड न फुटलेल्या त्या पोरांच्या घोळक्यात एक करंडकाला शिवून आलेला माणूस लंगडत धावायचा आणि ओरडायचा, "मला घे!" पोरं त्याला घ्यायला लाजायची. मग एकानं घेतला, आणि ढकलून दिला. नागिमात्सू पाठीवर पडला. मातीनं माखला, मीही माखलो. तो उठला.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा पडला. पुन्हा उठला. पोरगं घाबरून वस्तादांकडे बघायला लागलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" वस्ताद गरजले. "तो पुन्हा म्हणतोय ना? मग पुन्हा!"

गुडघा आतून कसा कुरकुरायचा ते फक्त मला ऐकू यायचं. तो दात खायचा, पाय उचलायचा, आपटायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर. त्याच्या पाय आपटण्यानं शेजारच्या न्हाव्याच्या भिंतीवरचं घड्याळ रोज पुढे जायचं, आणि न्हावी बिचारा रोज लवकर दुकान बंद करायचा.

मोठेपणाचं एकेक ओझं त्यानं उतरवून ठेवलं. जेवायला शेवटी बसायचा, पातेल्यात उरलेल्या रश्श्यात भात कालवून खायचा. आणि हिबारी, तो चिवचिवणारा, तो आता रेशमात होता. त्याची पाठ घासायची पाळी एके दिवशी नागिमात्सूवर आली. मी न्हाणीघराच्या खुंटीवर होतो.

"दादा, राहू द्या हो," हिबारी म्हणाला. "मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय."

"पाठ फिरव."

"दादा, पाया पडतो."

"वळ म्हणतो ना! तू माझी पाठ घासायचास तेव्हा साल काढायचास. आज व्याजासकट फेडतो."

त्यानं घासली. हिबारी रडत होता की साबण डोळ्यांत गेला होता, सांगता येत नाही. मग नागिमात्सू म्हणाला, "उद्या सकाळी मला घे सरावाला. आणि हात आखडलास तर बघ."

दुसऱ्या दिवशी हिबारीनं हात आखडला नाही. नागिमात्सू लाकडी भिंतीवर जाऊन आदळला, फळी तडकली. तो उठला. "पुन्हा," म्हणाला, आणि हसला. त्या पडझडीनंतर तो पहिल्यांदाच हसला.

हळूहळू क्रमांक वर सरकू लागला. खालच्या वर्गांच्या लढती सकाळी होतात, तेव्हा प्रेक्षागृह रिकामं असतं. झाडूवाल्या बाया आणि डुलक्या घेणारे म्हातारे यांच्यासमोर माझा माणूस मीठ उधळण्याचा मान नसलेल्या, टाळ्या नसलेल्या कुस्त्या जिंकत होता. आणि मग ती सकाळ उगवली. ही जिंकली की वर, परत रेशमात. हरली की गुडघ्याला आणखी एक वर्ष, आणि ते वर्ष त्या गुडघ्यात नव्हतं. हे वस्तादांना माहीत होतं, नागिमात्सूला माहीत होतं, आणि मला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

समोरचा तरुण, बैलासारखा. भिडले. त्यानं दोन्ही हातांनी मलाच धरलं आणि वर ओढलं. इतकं ओढलं की माझे वेढे सरकले. मागची गाठ घामानं निसरडी झाली होती. मला कळलं, मी सुटतोय.

मित्रांनो, लंगोट सुटला तर पैलवान हरतो. असा नियमच आहे.

तेवढ्यात पंचाला दिसलं. त्यानं हात उंचावला, "थांबा!" असं झालं की दोघांनी आहे त्याच स्थितीत थिजायचं असतं. कुणी हलायचं नाही, पकड सोडायची नाही. दोन डोंगर एकमेकांवर रेलून उभे, नुसते श्वास. पंच मागे आला आणि माझी गाठ पकडून आवळू लागला. म्हातारा पंच, बोटं सुकलेली.

त्या थांबलेल्या वेळात मला सगळं समजलं. हा जिंकला की मी परत पिंपावर. किंवा पिंपही नाही, ते तर फुटलं. कोठीत, उंदरांत. आणि मी आत्ता, या म्हाताऱ्याच्या बोटांतून एक वीत निसटलो, तर हा माझाच राहील. खाली राहील, काळ्यात राहील, रोज मला नेसेल. कुणाला कळणार? कापडाला कोण विचारतं?

त्याचा गुडघा थरथरत होता. तो थरकाप माझ्या धाग्याधाग्यात येत होता. आणि तो अगदी हळू, ओठ न हलवता, काहीतरी म्हणत होता. पंचाला वाटलं असेल प्रार्थना. मी कमरेला होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणत होता, "धर. धर. धर."

मी धरलं. पंचानं आवळलं त्याच्या दुप्पट मी आवळून घेतलं. स्वतःला पीळ भरला. माझे जुने धागे कटकट तुटले ते तुम्हाला इथं काठावर अजून दिसतील. पंचानं दोघांच्या पाठीवर थाप मारली, आणि कुस्ती जिथं थांबली होती तिथून सुरू झाली. समोरच्यानं पुन्हा मला उचकटायला पाहिलं, मी हललो नाही. त्याची बोटं घसरली. एवढंच हवं होतं. नागिमात्सूचा डावा हात बाहेरून त्याच्या लंगोटावर बसला, नांगरासारखा, आणि बैल भुईवर आला.

झाडूवालीनं झाडू सोडून टाळ्या वाजवल्या. तेवढीच एक टाळी. पण सांगतो तुम्हाला, तशी टाळी मी पुन्हा ऐकली नाही.

त्यानंतर काय, तो चढतच गेला. आणि मग आला स्पर्धेचा तो शेवटचा दिवस, सर्वांत वरचा वर्ग, विजेतेपदाची लढत! प्रेक्षागृह असं भरलेलं की छतावरचे दिवे सुद्धा दाटीवाटीनं लटकलेले. समोर ओनिगुमो, महाविजेता, ज्याला त्या वर्षी कुणी हात लावू शकलं नव्हतं. आम्ही दोघं रिंगणात उतरलो, नागिमात्सू आणि मी. त्यानं मीठ उधळलं, थोडं माझ्यावर पडलं, अजून चव आहे बघा. ओनिगुमोनं आमच्याकडे असं रोखून पाहिलं की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या हातातली साके गार झाली. आम्ही डोळे हलवले नाहीत. भिडलो तेव्हा असा आवाज झाला की बाहेर आगगाडी थांबली, कुणीतरी रुळावर पडलं असेल म्हणून. ओनिगुमोनं मला धरला, हलवला, गदागदा हलवला. आमची टाच रिंगणाच्या दोराला लागली. एक बोटभर जागा. गुडघा वाकला. सगळ्यांनी डोळे मिटले. आणि मी आतून त्याला म्हणालो, "धर, माकिओ!" आणि त्यानं धरलं! ओनिगुमोला उचलला, फिरवला, आणि चबुतऱ्यावरून थेट खाली बसलेल्या पंचांच्या मांडीत! लोकांनी आनंदानं बसायच्या गाद्या उधळल्या, हवेत एवढ्या गाद्या की संध्याकाळ झाली असं वाटून कबुतरं घरी गेली. करंडक आला तेव्हा त्याच्या चकचकीत पोटात मी स्वतःला पाहिलं. काळा, फाटका, पण ताठ. नागिमात्सूनं माझ्या गाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही दुसरी तुझी."

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमचे पैलवान आज ना उद्या वर जातील. जाऊ द्या, ढकला त्यांना वर. स्वतः झिजा, पण मधेच सुटू नका. आणि त्यांना एवढं शिकवा की जुन्या कापडाला फेकू नये, भिजवू नये, वर्षातून एकदा तरी उन्हात घालावं, जवळ उभं राहावं, दोन शब्द बोलावेत. ज्यानं विजेतेपदाच्या दिवशी शेवटपर्यंत कमर सोडली नाही, त्याला एवढं तरी...

"ए काळ्या!" पलीकडे सावलीत, वर्षातून एकदा वाळायला घातलेलं वांगी रंगाचं रेशीम एवढा वेळ गप्प होतं, ते कडाडलं. "सुती नेसून त्या रिंगणात पाऊल तरी टाकू देतात का? त्या दिवशी त्याच्या कमरेला मी होतो. तू इथं होतास, याच बांबूवर, वाळत!"